शुद्ध चौऱ्याहत्तर

मधल्या दोन ओळी जांभळ्या निघाल्या तेव्हा इर्मा सुबियागाला आधी वाटलं ते एवढंच, की पोरगी औषध घालायला विसरली. तिनं प्लेट खिडकीशी नेऊन उजेडात धरली. करंगळीच्या नखाएवढे शहाण्णव खळगे, प्रत्येकात चिमूटभर पेशी. तीन दिवस पेशींना औषधात ठेवायचं, मग पिवळं द्रावण घालून चार तास थांबायचं; पेशी जिवंत असल्या तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या असल्या तर पिवळं पिवळंच राहतं. गेली सहा वर्षं इर्मा त्या पिवळ्यावर जगत आली होती. पिवळं दिसलं की दिवस बरा जायचा, बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी चालायचं. आणि आज वरच्या दोन ओळी पिवळ्या, खालच्या चार पिवळ्या, आणि बरोबर मध्ये, जिथं चौऱ्याहत्तर नंबरच्या औषधाची नवी खेप घातली होती तिथं, हा असा धडधाकट, माजलेला जांभळा. बाहेर मोन्तेविदेओचा ऑगस्टमधला वारा खिडकीच्या फटीतून शिट्ट्या मारत होता. ती फट बुजवा म्हणून तिनं तीन अर्ज केले होते.

"रोमिना!"

रोमिना बेतांकोर तिच्या हाताखाली पीएचडी करत होती, दुसरं वर्ष. सगळ्या विभागात पांढऱ्या कोटाला इस्त्री करणारी ती एकटीच, आणि आज इर्माला त्या इस्त्रीचाही राग आला.

"यात चौऱ्याहत्तर घातलंस का?"

"घातलं. दोनदा मोजून."

"मग हे काय आहे?"

"वरच्या दोन ओळींत जुनं चौऱ्याहत्तर आहे, तुमच्या बाटलीतलं," रोमिना म्हणाली. "मधल्या दोनमध्ये मी केलेलं. स्वच्छ करून घेतलेलं."

"आणि खालच्या चार? त्या रिकाम्या ठेवायला सांगितल्या होत्या मी."

"त्यातल्या दोनमध्ये मी माझ्या चौऱ्याहत्तरात थोडं तांबं मिसळलं. शेवटच्या दोनमध्ये नुसतंच तांबं. जुन्या बाटलीत असेल, अंदाजे तेवढं."

"नुसतं तांबं. आणि पिवळं."

"पिवळं. निरोगी पेशींची दुसरी प्लेट आहे. तिथंही नुसत्या तांब्यानं पिवळंच."

इर्मा स्टुलावर बसली. "तुला संशय कधीपासून होता?"

"जुनी बाटली हिरवट दिसते ना. एप्रिलपासून."

"एप्रिल! आणि आता ऑगस्ट चाललाय. बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मग आता काय मी नाचतेय?"

रोमिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इर्माला आणखीच वैताग आला, कारण पोरगी रडायला लागली की तिला समजवायचं कामही आपल्याच गळ्यात. तिनं तिला कॉफी आणायला पिटाळलं. खोलीत एकटी उरल्यावर ती प्लेटकडे बघत राहिली आणि तिला जाणवलं की आपल्याला राग येतोय तो चुकीचा नाही, बरोबर निघालेल्या गोष्टीचा येतोय. या मुलीनं एवढी टापटीप का करावी? इर्मानं स्वतः चौऱ्याहत्तर बनवलं तेव्हा दोनदा गाळलं, एकदा धुतलं, बस. शेवटच्या पायरीला तांब्याची पूड लागते, ती काम उरकून निघून जाते असं पुस्तकात लिहिलेलं. निघून जाते! जसे पाहुणे जेवण झाल्यावर निघून जातात. तांबं मोजायचं यंत्र विद्यापीठात होतं, चार वर्षं बंद. नमुना परदेशी पाठवायचा तर कस्टमचे नऊ आठवडे, तीन शिक्के, आणि 'पांढरी भुकटी म्हणजे नक्की काय' असं विचारणारा एक माणूस, ज्याला दरवेळी नव्यानं समजावून सांगावं लागे. एकदा तिनं नमुना भरलासुद्धा होता. मग कसली तरी सुट्टी आली, मग शोधनिबंध पाठवायची तारीख आली, आणि पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलं. कस्टमचा दोष नव्हता. म्हणजे होता, पण हा नव्हता.

चौऱ्याहत्तरचा आराखडा मात्र सुंदर होता. आताही तिला तो सुंदरच वाटत होता आणि त्याचीच चीड येत होती. लहानसा रेणू, दोन्ही टोकांना गळासारखे आकडे. पेशीच्या डीएनएचे दोन धागे एकमेकांना वेढून असतात. पेशीला दुप्पट व्हायचं तर ते सुटे व्हावे लागतात. चौऱ्याहत्तरनं एक आकडा या धाग्यात अडकवायचा, दुसरा त्या धाग्यात, आणि म्हणायचं, आता सुटून दाखव; ओढाताणीत धागेच तुटतात. कर्करोगाच्या पेशी घाईत असतात, म्हणून त्या आधी अडकतात. त्याआधीची त्र्याहत्तर संयुगं कुठली विरघळली नाहीत, कुठली पाण्यात तुटली, एक तर कपाटात आपोआप गुलाबी झालं. चौऱ्याहत्तर घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या फुटक्या डीएनएच्या शेपट्या दिसल्या तेव्हा ती एकटीच होती, आणि तिनं कुणाला सांगण्याआधी अर्धा तास नुसतं बघून घेतलं होतं. आता कळत होतं की त्या शेपट्या तांब्याच्या. तांबंही डीएनए तोडतं. आंधळेपणानं, जे सापडेल ते, रोग्याचं असो की निरोग्याचं. चौऱ्याहत्तर बिचारं पेशीत शिरतही नसावं.

दुपारी ती वॉशिंग्टन पेर्दोमोच्या खोलीत गेली. पेर्दोमो उंदरांवरचे प्रयोग बघायचा. निबंधावर तिच्या नावाखाली त्याचं नाव होतं, आणि येत्या सोमवारी चाळीस उंदरांना चौऱ्याहत्तर टोचायला सुरुवात व्हायची होती. काखेत थर्मास दाबून तो भोपळ्याच्या पेल्यातल्या येर्बाच्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतत होता. तिनं सगळं सांगितलं. तो नळीतून सावकाश एक घोट ओढून म्हणाला,

"जुन्या बाटलीत किती आहे?"

"चार ग्रॅम."

"चाळीस उंदरांना पुरतंय."

"वॉशिंग्टन, ते औषध नाही. घाण आहे."

"अगं, बुरशीतून औषधं निघाली जगात. घाणीला नावं ठेवू नये माणसानं."

"बुरशी दरवेळी तीच असते. माझी घाण दर बाटलीला वेगळी. उद्या लोकांनी कृती विचारली तर काय लिहू? दोनदा गाळा आणि नीट धुऊ नका?"

"तसं लिहू नकोस. सोमवारचं उरकून घे, मग हळूच पुढचा निबंध काढू, तांब्यासकट. नवं संयुग म्हणून. लोक असंच करतात."

"नुसतं तांबं तेवढंच मारतंय. निरोगी पेशीसुद्धा." ती थांबली. "पहिल्या खेपेचे ते दोन उंदीर आठव. यकृत काळं पडलेले."

पेर्दोमोनं भोपळा टेबलावर ठेवला. त्या दोन उंदरांचं शवविच्छेदन त्यानंच केलं होतं, आणि निबंधात 'कारण अस्पष्ट' हे दोन शब्द तिनंच घातले होते. तेव्हा ते शब्द किती समंजस वाटले होते! बारातले दोन, असतात काही अशक्त.

"एक कर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "महिनाभर थांब. सप्टेंबरात माझी बढतीची मुलाखत आहे."

"तू मला हे सांगायला नको होतंस."

"मग काय खोटं सांगू?"

ती परत आली आणि नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसली. चार ओळींचं पत्र. दीड तास लागला. 'आम्हांस खेद आहे' लिहून खोडलं, कारण खेद नव्हता, वैताग होता. 'अनवधानानं' खोडलं, कारण पाकीट ड्रॉवरमध्ये होतं. शेवटी लिहिलं की औषधात तांबं होतं, मारत होतं ते तांबं, आणि ही गोष्ट रोमिना बेतांकोर यांनी शोधली. निबंध मागे घेत आहोत. पेर्दोमोची सही लागणार होती. ती घ्यायला पुन्हा गेली तर त्याची खोली बंद, बाहेर चिठ्ठी: दाताच्या डॉक्टरकडे. तिनं तिथंच उभ्या उभ्या चिठ्ठीखाली लिहिलं, 'दात काढून झाला की सही कर. नाहीतर मी माझ्या एकटीच्या नावानं पाठवते आहे,' आणि खाली येऊन उंदीरघराच्या फळ्यावरचं सोमवारचं आपलं नाव पुसलं.

मग ती बहिणीकडे निघाली. देलिया तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, ला उनियोन भागात एकटी राहायची. शाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाल्यावर तिला दरडावायला कुणी उरलं नव्हतं म्हणून तिनं आजाराला धरलं होतं. अंडाशयाचा कर्करोग, दोन वर्षं. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन प्लॅटिनमचं इंजेक्शन घ्यायची, तेही डीएनएला अडकणारंच, पण खरंखुरं अडकणारं. लोक हमखास म्हणत, बहिणीसाठीच झालीस ना तू शास्त्रज्ञ? इर्मा या प्रश्नावर विषयच बदलायची. ती रसायनशास्त्राकडे गेली कारण प्रवेशाच्या दिवशी ती रांग छोटी होती. आणि तिचं काम देलियाच्या आजाराआधी चार वर्षं चालू झालं होतं. पण वर्तमानपत्रातल्या मुलीला यातलं काहीच चाललं नसतं. एप्रिलात ती मुलाखत घ्यायला आली. 'सगळं नीट झालं तर, आणि ते सहसा होत नाही, दहा वर्षांत काही तरी' असं इर्मा म्हणाली. छापून आलं: 'लवकरच आपलं औषध!' आणि वर तिचा फोटो, हातात तीच हिरवट बाटली. ती चिडली होती. आणि बसथांब्यावरच्या टपरीतून तिनं चार प्रती घेतल्या होत्या. बसमध्ये खांबाला धरून लोंबकळताना तिला आता त्या चार प्रतींची एवढी लाज वाटली की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का, बसा.

देलिया पलंगावर लोकरीची टोपी घालून बसली होती. कालच इंजेक्शन झालं होतं. चेहरा राखेसारखा, आवाज मात्र शाळेतला.

"उशीर केलास. सूप गार झालं, आता तूच पी."

इर्मानं कोट न काढताच सांगून टाकलं. प्लेट, तांबं, पत्र. तिला वाटलं होतं देलिया धीर देईल किंवा टोमणा मारेल, दोन्हींची तयारी होती. देलिया पांघरुणाची कड बोटांनी सरळ करत राहिली.

"काय झालं? अगं, तुला ते मिळणारच नव्हतं. मी शंभर वेळा सांगितलंय."

"मला माहीत आहे ना. मी काय मूर्ख आहे?"

"मग?"

"त्या बायकांना सांगितलंय मी."

"कुठल्या बायकांना?"

"वॉर्डातल्या. आठजणी असतो आम्ही, समोरासमोर खुर्च्या, हाताला नळ्या. दिवसभर बोलणार काय? तो कागद दाखवला मी त्यांना. माझी धाकटी बहीण म्हटलं."

"एकच कागद? की माझ्या चारही प्रती तूच नेल्यास?"

"ओरडू नकोस, मला उलटी होईल."

इर्मा ओरडत नव्हती. ती खोलीतून गेली, स्वयंपाकघरात नळ सोडला, बंद केला, परत आली. देलिया आता तिच्याकडे न बघता बोलत होती, मुलाला घरी पाठवताना पालकांना चिठ्ठी लिहावी तशी, एकेक शब्द वेगळा.

"त्यात एक सुल्मा रिवेरो आहे. सेरोला राहते. तिला हे प्लॅटिनम फार बाधतं, पायांत मुंग्या, कानात सतत शिट्टी. ती म्हणाली, तुमच्या बहिणीचं येईपर्यंत मी थांबते, मला हे नको. मी म्हटलं, असं करू नये. एकदाच म्हटलं. मागच्या खेपेला ती आली नाही. कालही तिची खुर्ची रिकामी होती."

"आणि तू काल फोन केला नाहीस?"

"काय सांगणार होते? बहीण खोटं बोलली म्हणून?"

"मी खोटं बोलले नाही!"

"मग मी बोलले," देलिया म्हणाली, आणि एवढ्या दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज शाळेतला राहिला नाही. "पत्ता टेलिफोनच्या वहीत आहे. र खाली."

आता सेरो म्हणजे शहराचं दुसरं टोक, खाडी ओलांडून. दोन बस. पहिल्या बसचा ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर उतरून कुणाशी तरी गप्पा मारत होता, दुसरी आलीच नाही, तिच्या मागची आली. इर्मा मनातल्या मनात भांडत होती: वर्तमानपत्राशी, देलियाशी, न पाहिलेल्या त्या बाईशी. एवढी मोठी बाई, कागदावर छापून आलं म्हणून औषध सोडते? अक्कल कुठं ठेवली होती? हे सगळं बरोबर होतं, आणि टेकडीचा चढ चढताना त्यातलं एकही वाक्य तिथं जाऊन बोलण्यासारखं नव्हतं. तिला सहा वर्षांत प्रथमच कळलं की आपण रोज मारत होतो त्या पेशी कुणाच्या होत्या हे आपण कधी विचारलंच नव्हतं. एका बाईच्याच, कुठल्या तरी देशातल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या. बाटलीवर बाईचं नाव नव्हतं, आकडा होता.

सुल्मा रिवेरोनं दार उघडलं ते एका हातात बटाटा आणि सुरी घेऊन. साठी उलटलेली, रुंद बांध्याची, पायांत दोन-दोन मोजे. तिनं इर्माला पाहिल्याबरोबर ओळखलं.

"अगंबाई! तुम्ही! बाटलीवाल्या! या, या. देलियाबाईंनी पाठवलं का? आलं का ते?"

इर्मा आत गेली. खुर्चीवर मांजर होतं, ते सुल्मानं उचलून खाली ठेवलं. चुलीवर काहीतरी शिजत होतं आणि इर्माला आठवलं की आपण सकाळपासून जेवलो नाही.

"नाही आलं," ती म्हणाली. "आणि येणारही नाही. तेच सांगायला आले."

मग तिनं सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, आणि मध्येच लक्षात आलं की सोपं करण्यासारखं त्यात काही नाहीच: बाटलीत नको ते पडलं होतं, मारत ते होतं, आणि ते सगळ्यांनाच मारतं. सुल्मा बटाटा सोलत ऐकत होती. साल तुटली नाही, खालपर्यंत लांब लोंबत गेली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

"आज!" सुल्मानं सुरी ठेवली. "दोन खेपा गेल्या माझ्या. सहा आठवडे. तुम्हाला महिनाभर आधी नाही का कळायचं?"

"कळायला हवं होतं. तपासायचं होतं ते मी तपासलं नाही."

"का?"

"सुट्टी आली मध्ये."

बोलल्यावर ते किती भयंकर वाटलं! सुल्मा रागानं लाल झाली, मग तो लालपणा उतरला, आणि ती नाकातून हसल्यासारखं करून म्हणाली,

"मी सव्वीस वर्षं मांसाच्या कारखान्यात होते. डबे तपासायला. एक डबा फुगलेला निघाला की अख्खा लॉट परत आणायचा, जहाजावर चढला असला तरी. साहेब यायचे, म्हणायचे, सुल्मा, एकच तर आहे. जाऊ दे, सुल्मा. बायकोची शपथ घालायचे." तिनं बटाटा पातेल्यात टाकला. "तुमच्यात करतात का तसं? लॉट परत आणतात?"

"आज पत्र लिहिलं."

"गेलं का?"

"एक सही राहिलीय. नाही मिळाली तर उद्या सकाळी तिच्याशिवाय जाईल."

"हं." ती पाय चोळत खाली बसली. मग तिनं विचारलं, "ते हॉस्पिटलातलं, प्लॅटिनमचं. तेही असंच का? आतलं तोडणारं?"

"असंच. पण ते शुद्ध आहे, आणि हजारो लोकांवर तपासलेलं आहे. कानातली शिट्टी खोटी नाही. डॉक्टरना सांगा, मात्रा कमी करता येते, कधी औषध बदलता येतं. सांगितलंत का तुम्ही?"

"नाही. ते घाईत असतात."

"मग घाईत असताना सांगा!"

"ओरडता कशाला? देलियाबाईंसारख्याच तुम्ही." सुल्मानं मांजर मांडीवर घेतलं. "गुण येतो का त्यानं?"

"काहींना येतो. सगळ्यांना नाही."

"मला?"

"मला माहीत नाही."

सुल्मानं मान डोलावली, डब्यावरची तारीख वाचून डोलवावी तशी. मांजर खाली सोडलं, भिंतीवरचा फोन घेतला, आणि एका जुन्या पाकिटावर लिहिलेला नंबर फिरवला. बराच वेळ पलीकडे कुठलं तरी गाणं वाजत होतं, ती ते कंटाळून ऐकत उभी होती. मग एकदम ताठ झाली.

"रिवेरो. सुल्मा रिवेरो. दोन खेपा चुकल्या माझ्या. हो. हो, माहीत आहे. नाही, मला कुणी सांगितलं नव्हतं." तिनं इर्माकडे एकदा पाहिलं. "मीच थांबले होते. कान वाजतात माझे, ते लिहून घ्या. लिहिलंत का? वाचून दाखवा... उद्या? रक्त द्यायला सात वाजता. उपाशीपोटी. बरं."

फोन ठेवायच्या आधी तिनं तो एप्रनमध्ये, पदरात धरावा तसा, दाबून धरला आणि इर्माला म्हणाली,

"तुम्ही येणार ना? उद्या रक्ताच्या रांगेत बायका असतात तिथं, आमच्या वॉर्डातल्याही. त्यातल्या दोघी तुमचा कागद पर्समध्ये घालून येतात. मी नाही सांगणार हां त्यांना, तुमचं तुम्ही सांगायचं."

"सकाळी सातला?" इर्मा वैतागून म्हणाली. "एवढ्या सकाळी बस कुठली मिळायला?"

"सहा दहाची आहे," सुल्मा म्हणाली. "ती वेळेवर येते."